साहेबांनाही शाळा हवी

जून जवळ आला की आपल्या घराघरांत एकच खल सुरू होतो. मुलाला कुठल्या शाळेत घालायचे? मराठी, उर्दू की इंग्रजी? अम्मी फीचे विचारते, अब्बा गाडीचे विचारतात, दादी विचारते की शिकवणारी बाई कोण आणि ती मुलांना मारत तर नाही ना. हे सगळे प्रश्न रास्तच आहेत. पण एक प्रश्न कुणाच्याच तोंडी येत नाही. या शाळेवर देखरेख ठेवणारे साहेब कोण आहेत, आणि ते साहेब स्वतः काय शिकून आले आहेत?

वाचकांना हा प्रश्न थोडा विचित्र वाटेल. साहेब म्हणजे तपासणीला येणारे, सही करून जाणारे. त्यांचा आणि आपल्या लेकराच्या वाचनाचा काय संबंध? उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवता शिकवता आमचे मत असे झाले आहे की संबंध फार जवळचा आहे. एक चांगला शिक्षक एक वर्ग सुधारतो. एक जाणता अधिकारी दहा-वीस शाळा उभ्या करतो. आणि काहीच न शिकता खुर्चीत बसलेला अधिकारी तेवढ्याच शाळांना नुसत्या कागदांना जुंपतो.

आम्ही राहतो त्या कसालच्या तिठ्यावर मुंबई-गोवा महामार्गाला मालवणचा रस्ता फुटतो. ओरोस, म्हणजे सिंधुदुर्गनगरी, इथून जवळच. जिल्हा परिषद तिथे, शिक्षणाधिकाऱ्यांचे कार्यालयही तिथेच. म्हणायला आम्ही साहेबांच्या उंबरठ्यावर राहतो. तरीही तिथे ठरलेली एखादी चांगली गोष्ट डोंगराकडेच्या वाडीतल्या शाळेत पोचेपर्यंत तिचे काय होते, हे पाहण्यासारखे असते. शेतात पाट सोडला की वरच्या कुणग्यात पाणी भरपूर आणि शेवटच्या कुणग्यात नुसती ओल, तसेच काहीसे.

एक शिडी आणि तिच्या पायऱ्या

आधी ही रचना समजून घेऊ. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षक असतात आणि त्यांच्यावर मुख्याध्यापक. आमच्याकडच्या छोट्या शाळांत बहुधा एकच माणूस दोन्ही कामे करतो. जवळपासच्या शाळांचे मिळून एक केंद्र, त्याचे केंद्रप्रमुख. काही केंद्रांचे मिळून एक बीट, त्याचे विस्तार अधिकारी. तालुक्याला गटशिक्षणाधिकारी आणि जिल्ह्याला शिक्षणाधिकारी. याला समांतर एक शैक्षणिक वाट आहे. जिल्ह्याला डाएट, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, आणि राज्याला पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद. पहिली वाट कारभाराची आणि दुसरी शिकण्या-शिकवण्याची. दोन्ही वाटा जिथे मिळायला हव्यात ती जागा म्हणजे केंद्रप्रमुख आणि विस्तार अधिकारी.

ही गरज आजची नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले, त्यात शाळांच्या देखरेखीवरही नेमके बोट ठेवले होते. वर्षातून एकदा येणाऱ्या डेप्युटी इन्स्पेक्टरच्या भेटीने फारसा फायदा होत नाही, निदान तीन महिन्यांतून एकदा तरी शाळा पाहिल्या जाव्यात आणि मधूनमधून आगाऊ न कळवता जावे, असे त्यांचे म्हणणे होते. त्या डेप्युटीला खेड्यातले लोक ‘दिपोटी’ म्हणत. दिपोटी येणार म्हणजे शेणाने सारवलेली शाळा, धुतलेल्या टोप्या आणि आदल्या दिवशी घोकून घेतलेली उत्तरे. आज टोप्या गेल्या, सारवण गेले, पण आदल्या दिवसाची घोकंपट्टी पूर्ण गेली आहे असे म्हणवत नाही.

स्वातंत्र्यानंतर हाच धागा कोठारी आयोगाने उचलला. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या या आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले, गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत वाटा असलेले शिक्षणतज्ज्ञ. शेजारच्या शाळांनी एकमेकींना धरून राहावे, मोठ्या शाळेचा ग्रंथालयापासून शिक्षकांपर्यंतचा आधार लहान शाळांना मिळावा, ही शाळा-समूहाची कल्पना त्या अहवालात होती. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत डाएट आल्या. महाराष्ट्रात १९९४ मध्ये केंद्रप्रमुखांची ४,८६० पदे निर्माण झाली. त्याच वर्षी औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, शैक्षणिक नियोजन व प्रशासनाची राज्य संस्था सुरू झाली. तिला आपण ‘मिपा’ म्हणतो. अधिकाऱ्यांनी शिकावे म्हणूनच ती आहे. राष्ट्रीय पातळीवर दिल्लीच्या ‘नीपा’त २०१२पासून शालेय नेतृत्वाचे केंद्र चालते.

म्हणजे कागदावर उणे काही नाही. मग अडते कुठे?

तालीम मिळते, तरबियत राहते

आपल्या घरांत दोन शब्द आहेत. तालीम आणि तरबियत. तालीम म्हणजे माहिती मिळणे, विद्या मिळणे. तरबियत म्हणजे ती अंगात मुरणे, वागण्यात उतरणे. एखादा मुलगा खूप शिकला, पण मोठ्यांशी बोलायची रीत नाही, तर आपण म्हणतो, तालीम झाली, तरबियत नाही झाली. आमच्या अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाचे बरेचसे असेच झाले आहे.

प्रशिक्षण होत नाही असे नव्हे. उलट, फार होते. पुण्यात काही जणांना शिकवतात, ते जिल्ह्यात येऊन शिकवतात, जिल्ह्याचे तालुक्याला, तालुक्याचे केंद्राला. पाच दिवसांचे पुण्यातले शिबिर केंद्रावर येईपर्यंत एका दुपारचे होते. मधल्या प्रत्येक टप्प्यावर थोडे सांडते. २०१९मध्ये ‘निष्ठा’ ही देशव्यापी मोहीम आली, पुढच्याच वर्षी ती करोनामुळे ‘दीक्षा’वर ऑनलाइन गेली. व्हिडिओ पाहायचा, प्रश्न सोडवायचे, प्रमाणपत्र उतरवून घ्यायचे. प्रमाणपत्रांची फाईल जाड झाली. वर्गात काय बदलले, हे विचारायला परत कुणी आले नाही.

आणि केंद्रप्रमुखांची स्थिती काय? कित्येक वर्षे यातली बरीच पदे रिकामी राहिली आणि एखाद्या शिक्षकाकडे किंवा दुसऱ्या केंद्राच्या प्रमुखाकडे त्यांचा ‘पदभार’ दिला गेला. २०२२च्या अखेरीस शासनाने निम्मी पदे बढतीने आणि निम्मी विभागांतर्गत स्पर्धा परीक्षेने भरायचे ठरवले, पण जाहीर झालेली परीक्षा लांबत गेली. पदभार सांभाळणारा माणूस स्वतःचा वर्ग सांभाळणार की बाकीच्या शाळा पाहणार? त्यात पोषण आहाराचे आकडे, यू-डायसची माहिती, आधार जुळवणी आणि व्हॉट्सॲपवर रोज येणारे ‘तात्काळ’. शाळेत गेल्यावर आधी नोंदवह्या तपासायच्या, मग मुलांकडे पाहायचे. तोवर जेवणाची सुट्टी होते.

आम्ही दोन्ही तऱ्हेचे साहेब पाहिले आहेत. एका साहेबांनी वर्गात येऊन भिंतीवरचे तक्ते मोजले, ‘छान’ असा शेरा लिहिला आणि चहा घेऊन गेले. दुसरे एक साहेब आले ते मागच्या बाकावर जाऊन बसले. सगळा तास त्यांनी फळ्याकडे पाहिलेच नाही, एका मुलाच्या वहीकडे पाहिले. तास संपल्यावर म्हणाले, “हा मुलगा ‘र’ आणि ‘स’ अजून एकच समजतो. तुम्ही आज पाच वाक्ये लिहून घेतलीत, त्याने पाचही उतरवून काढली, वाचले एकही नाही. मी तीन आठवड्यांनी येतो, तोवर एवढ्या एकाच गोष्टीचे बघा.” आणि ते खरेच तीन आठवड्यांनी आले. शिक्षकाला एवढे पुरते.

सातारच्या एका बीटाची गोष्ट

हे एखाददुसऱ्या भल्या माणसाच्या स्वभावावर सोडायचे का? नाही, हे शिकता येते आणि शिकवताही येते. त्याचा दाखला महाराष्ट्रातच आहे.

सातारा तालुक्यात कुमठे बीट आहे. तिथे प्रतिभा भराडे विस्तार अधिकारी होत्या. त्यांच्या हाताखाली चाळीस शाळा, सगळ्या जिल्हा परिषदेच्या, म्हणजे शेतकऱ्या-मजुरांच्या मुलांच्या. भराडेबाईंनी तपासणी बाजूला ठेवली आणि मूल शिकते कसे, हा प्रश्न शिक्षकांबरोबर हातात घेतला. मुलाला भीती घालायची नाही, कारण भ्यायलेले मूल शिकत नाही. मुलाला आधी काय येते ते बघायचे आणि तिथून पुढे जायचे. खडे, बिया, काड्या, जमिनीवर काढलेल्या आकृत्या, गटात बसणे. शिक्षकांनी एकमेकांचे वर्ग पाहायचे आणि बसून बोलायचे. ज्ञानरचनावाद हा जड शब्द बीएडला आम्ही परीक्षेपुरता पाठ केला होता. कुमठे बीटात तो पहिलीच्या वर्गात जमिनीवर मांडी घालून बसला होता.

पुढे राज्यभरातून हजारो शिक्षक आणि अधिकारी कुमठ्याच्या शाळा पाहायला गेले. तेव्हाचे शिक्षण सचिव नंदकुमार यांनी या कामाला बळ दिले आणि २२ जून २०१५ रोजी ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा शासन निर्णय निघाला. प्रत्येक मूल शिकलेच पाहिजे, ही त्याची भूमिका होती.

यात एक धडा आहे आणि एक इशाराही. धडा असा की बदलाची सुरुवात मंत्रालयात झाली नाही, चाळीस शाळांच्या एका बीटात झाली. विस्तार अधिकारी या पदाला आपण कारकुनी समजतो, त्या पदावरच्या बाईंनी स्वतः वाचले, स्वतः शिकल्या आणि मग शिक्षकांबरोबर उभ्या राहिल्या. इशारा असा की कुमठे पाहून आलेल्या अनेकांनी तिथली रंगीत फरशी उचलली आणि विचार तिथेच ठेवला. गावोगाव शाळांच्या जमिनी रंगल्या. कुठे त्यांवर मुले खेळली-शिकली, कुठे त्या साहेबांना दाखवण्यापुरत्या राहिल्या. रंगाची नक्कल एका दिवसात होते, मूल वाचायची सवय लागायला वर्षे जातात.

दूरदेशीचेही एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. ब्राझीलच्या गरीब, दुष्काळी ईशान्य भागात सोब्राल नावाची नगरपालिका आहे. वस्ती दोन लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या सिंधुदुर्गाच्या चौथाईएवढी. २००० साली तिथे शाळेत जाणाऱ्या लहान मुलांपैकी जवळपास निम्म्यांना वाचता येत नव्हते. त्यांनी मुख्याध्यापक शिफारशीने नेमणे बंद केले आणि पात्रता पाहून नेमायला सुरुवात केली. प्रत्येक मुलाचे वाचन तपासले, शिक्षकांचे प्रशिक्षण दर महिन्याला आणि थेट पुढच्या महिन्याच्या धड्यांवर ठेवले. २००५ साली देशाच्या शिक्षण निर्देशांकात सोब्राल १,३६६ व्या क्रमांकावर होते. २०१५मध्ये पाच हजारांहून अधिक नगरपालिकांत ते पहिले आले. जादू काही नव्हती. वरच्या माणसांनी खालच्या वर्गाकडे सतत दहा वर्षे लक्ष दिले, एवढेच.

पहिल्या क्रमांकाची झापड

आमच्या कोकणाला एक वेगळाच धोका आहे. कोकण विभागीय मंडळ वेगळे झाल्यापासून दहावीच्या निकालात आपला विभाग राज्यात पहिला येतो. अभिमान आहेच. पण दहावीचा निकाल दहावीपर्यंत पोचलेल्या मुलांचा असतो. तिसरीतल्या मुलीला गोष्ट वाचून तिचा अर्थ सांगता येतो का, याचे उत्तर त्या टक्केवारीत नसते. ‘निपुण भारत’ अभियानाने २०२६-२७पर्यंत प्रत्येक मुलाला तिसरीअखेर वाचन आणि गणिताचा पाया यावा असे ठरवले आहे. ४ डिसेंबर २०२४ रोजी देशभर तिसरी, सहावी आणि नववीच्या मुलांची ‘परख’ पाहणीही झाली. अशा पाहण्यांचे अहवाल जिल्ह्याला मिळतात. ते वाचायचे कसे, हे अधिकाऱ्यांना शिकवायला हवे.

कारण आमच्याकडची शाळा लहान असते. राज्यात वीस किंवा त्याहून कमी मुलांच्या शाळा चौदा हजारांहून अधिक आहेत आणि कोकणाला त्या ओळखीच्या आहेत. समजा, तिसरीत तीनच मुले आहेत आणि त्यांतल्या एकाला वाचता येत नाही. टक्केवारीच्या तक्त्यात शाळा ६६ टक्क्यांवर लाल रंगात येते. पुढच्या वर्षी तिसरीत दोन हुशार मुली आल्या की तीच शाळा शंभर टक्के, हिरवी. शाळा ना बिघडली, ना सुधारली. इथे टक्के उपयोगाचे नाहीत, मुलांची नावे उपयोगाची. अशा जिल्ह्याच्या अधिकाऱ्याने तक्त्याऐवजी यादी मागावी. कोण वाचत नाही, कुठे अडते, आणि त्यासाठी या महिन्यात काय करणार?

दुसरी गोष्ट बहुवर्ग अध्यापनाची. एकाच खोलीत पहिली ते चौथी, चौदा मुले आणि एक शिक्षिका. हे कौशल्य बीएडमध्ये आम्हाला कुणी शिकवले नाही, आणि ज्या अधिकाऱ्याने चार वर्ग एकत्र कधी हाकले नाहीत तो काय मार्गदर्शन करणार? पण त्याच केंद्रात एखादी शिक्षिका हे उत्तम करत असते. तिचा वर्ग बाकीच्यांना दाखवणे, महिन्याच्या शिक्षण परिषदेत परिपत्रके वाचण्याऐवजी तिला अर्धा तास बोलू देणे, हे केंद्रप्रमुखाचे खरे नेतृत्व. त्याला वेगळा निधी लागत नाही.

तिसरी गोष्ट भाषेची, आणि ती आपल्या घरांना थेट लागू आहे. सिंधुदुर्गात उर्दू शाळा मोजक्याच, आपली बहुतेक मुले मराठी शाळेत. घरात कुणी मालवणी बोलते, कुणी कोकणी मुसलमानी बोली, कुणी दखनी वळणाची उर्दू. पहिलीत आलेले मूल गप्प बसते आणि शिक्षक समजतात की ते मंद आहे. ते मंद नसते, पुस्तकातल्या मराठीत अजून त्याचे पाऊल पडलेले नसते. ज्या अधिकाऱ्याला हे ठाऊक आहे तो शिक्षकाला सांगेल, आधी त्याला त्याच्या बोलीत बोलू द्या. ज्याला ठाऊक नाही तो ‘अप्रगत’ असा शिक्का मारून जाईल. तसेच, उर्दू न येणारा अधिकारी उर्दू वर्गात जाऊन हजेरीपट तपासू शकतो, मुलाचे वाचन नाही. अशा वेळी उर्दू जाणणारा एखादा अनुभवी शिक्षक सोबत नेला तरी काम होते. ही मागणी सवलतीची नाही, नीट तपासणीची आहे.

आपण काय करू शकतो?

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मुख्याध्यापक आणि शाळा-समूहाच्या प्रमुखांसाठी दरवर्षी किमान पन्नास तासांचे व्यावसायिक शिक्षण सांगितले आहे. त्यात कारभाराबरोबर अध्यापनाचे नियोजनही यावे, असेही म्हटले आहे. हे पन्नास तास प्रमाणपत्रांत जाणार की वर्गांत, हे पुष्कळसे विचारणाऱ्यांवर अवलंबून आहे. आणि विचारण्याचा हक्क पालकांना कायद्याने दिला आहे.

१ एप्रिल २०१०पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या. शाळेचा विकास आराखडा करणे हे या समितीचे काम. आपल्यातल्या किती भगिनी या समितीवर आहेत? असल्या तर सहीपुरत्या की बोलण्यासाठी? आपण मशवऱ्याचे महत्त्व सांगणारी माणसे. घरातले लग्न दहा जणांना विचारून ठरवतो, मग शाळेच्या बैठकीत गप्प का बसायचे?

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक शाळेत एक शेरेबुक असते. भेटीला आलेले अधिकारी त्यात शेरा लिहितात. समितीच्या पुढच्या बैठकीत अदबीने म्हणावे, “गुरुजी, मागच्या वर्षाचे शेरे वाचून दाखवा.” ‘शाळा स्वच्छ, नोंदी अद्ययावत’ एवढेच असेल, तर केंद्रप्रमुखांना बैठकीला बोलवावे. भांडायला नव्हे, चहाला. आणि तीन गोष्टी विचाराव्यात. आमच्या शाळेत वाचनात मागे पडलेली मुले कोणती, हे तुम्हाला नावानिशी माहीत आहे का? आमच्या शिक्षकांना या सत्रात तुम्ही कोणत्या एका गोष्टीत मदत करणार आहात? आणि त्यासाठी तुम्हाला स्वतःला काय शिकायला मिळाले, काय मिळायला हवे?

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. कारण साहेबांना तो कुणीच विचारत नाही. वरून त्यांना आकडे मागितले जातात, खालून त्यांना दबून राहिले जाते. तुम्हाला काय हवे, असे आपुलकीने विचारणारा पालक भेटला तर अनेक केंद्रप्रमुख मनापासून बोलतील. तेही कुणाचे तरी शिक्षकच आहेत. त्यांनी मागितलेले एखादे प्रशिक्षण, भरायची राहिलेली एखादी जागा, कमी करायचा एखादा तक्ता, यासाठी समितीने ठराव करून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावा. असा एक ठराव कुणी बाजूला सारेल. तालुक्यातल्या वीस शाळांनी पाठवला तर त्याची दखल घ्यावीच लागेल.

आणि शेवटी, बैठक उठण्यापूर्वी केंद्रप्रमुखांना पुढच्या भेटीची तारीख विचारून ती शेरेबुकात लिहून घ्यावी.